पाण्यावर सुटणारा ऑक्साइडचा पापुद्रा: नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

कांदा चिरताना दोन पाकळ्यांच्या मधून एक पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा सुटतो. नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही तो वेगळा दाखवावा लागत नाही. नवा विद्यार्थी आला की मी आधी त्याच्यापुढे कांदाच ठेवतो. चिमट्याने पापुद्रा न फाटता उचल, बशीतल्या पाण्यावर सोड, आणि काचपट्टीवर सुरकुती न पडता परत घे. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात स्थिर होतो, आणि मग मी त्याला खरा नमुना हातात देतो.

खरा नमुना म्हणजे स्ट्रॉन्शियम टायटनेट, बेरियम टायटनेट, बिस्मथ फेराइट किंवा लँथॅनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट अशा एखाद्या गुंतागुंतीच्या ऑक्साइडचा २०-३० नॅनोमीटर जाडीचा एकस्फटिकी पापुद्रा, खाली कसलाही आधार नसलेला. २० नॅनोमीटर म्हणजे जेमतेम पन्नास युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घडणीची) चळत. हे ऑक्साइड एरवी जाड स्फटिकावर वाढवतात आणि ते जन्मभर त्यालाच चिकटून राहतात. खालच्या स्फटिकातली अणूंची जाळी जशी, तशी वरच्या थराला मुकाट्याने मोजमापं घ्यावी लागतात. सोडवला, की तो ताणता येतो, वाकवता येतो, सिलिकॉनवर ठेवता येतो, थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नेता येतो. बशी फुटते तशी फुटणारी ही सिरॅमिक्स या जाडीला वेगळीच वागतात. २०१९ मध्ये बेरियम टायटनेटचे पापुद्रे जवळजवळ दुमडून पुन्हा सरळ होताना दाखवले गेले. २०२० मध्ये कॅल्शियमयुक्त मँगनाइटचा पापुद्रा एका दिशेने ८ टक्के ताणला गेला. त्याच वर्षी ताणलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये खोलीच्या तापमानाला फेरोइलेक्ट्रिक गुण, म्हणजे विजेचं ध्रुवीकरण स्वतःहून टिकवून धरण्याचा गुण, दिसला. मोकळ्या ठोकळ्यात हा पदार्थ कितीही थंड केला तरी तो गुण येत नाही.

या सगळ्याची किल्ली आहे मधला एक थर. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या हॅरल्ड ह्वांग यांच्या गटाने दाखवलं की स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट हे पाण्यात विरघळणारं ऑक्साइड सबस्ट्रेट (खालचा आधाराचा स्फटिक) आणि फिल्म (वरचा पातळ थर) यांच्या मध्ये वाढवता येतं. पुढे नमुना साध्या पाण्यात ठेवला की मधला थर जातो आणि वरची फिल्म सुटते. ना आम्ल, ना विषारी द्रव.

म्हणूनच नाशिकसारख्या ठिकाणाहून हे काम सुरू करता येतं, असं मी ठामपणे सांगतो. फिल्म वाढवण्याचं मोठं यंत्र कॉलेजात नसेल, पण टार्गेट (ज्या पदार्थाची फिल्म करायची त्याची भाजलेली गोळी) बनवणं, पापुद्रा सोडवणं, उचलणं, पाहणं ही कामं बेताच्या प्रयोगशाळेत होतात. आणि पापुद्रा बहुतेक वेळा बिघडतो तो याच कामांत. फिल्म चांगली वाढवणारे आपल्याकडे बरेच आहेत. ती अख्खी सोडवणारे हात कमी आहेत.

यंत्रासाठी कुठे जायचं

फिल्म वाढवायला पल्स्ड लेसर डिपॉझिशन लागतं, सगळे पीएलडी म्हणतात. लेसरच्या झोताने टार्गेटचा पदार्थ उडवायचा आणि तो सबस्ट्रेटवर बसू द्यायचा. १९८७ मध्ये टी. वेंकटेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने उच्च तापमानाच्या सुपरकंडक्टरच्या फिल्म केल्या आणि ती जगभर पसरली. पुण्यात डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी ऑक्साइड फिल्मवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यामुळे या विद्येची परंपरा आपल्यापासून पाच-सहा तासांच्या अंतरावर आहे. पुणे, मुंबई आणि इंदूर ही तीन गावं डोळ्यांसमोर ठेवा. इंदूरला यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम विद्यापीठांच्या संशोधकांसाठीच आहे, आणि त्याच शहरात इंडस-२ सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) आहे. देशभरातल्या कुठल्या संस्थेत कुठलं यंत्र बाहेरच्यांसाठी खुलं आहे, हे केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. अर्ज करताना 'फिल्म हवी' एवढंच लिहू नका. कुठला सबस्ट्रेट, कुठले थर, कुठल्या क्रमाने, किती जाडीचे, आणि टार्गेट तुम्ही स्वतः आणणार आहात, हे सगळं लिहा. टार्गेट घेऊन येणाऱ्याला लवकर वेळ मिळतो.

पहिली पायरी: टार्गेट

स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटच्या एका रेणुसूत्रात ३ स्ट्रॉन्शियम, २ अॅल्युमिनियम आणि ६ ऑक्सिजन असतात. २० ग्रॅम पावडर हवी तर स्ट्रॉन्शियम कार्बोनेट २१.४६ ग्रॅम आणि अॅल्युमिना ४.९४ ग्रॅम घ्या. कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर बरोबर २० ग्रॅम उरतात. दोन्ही पावडरी वजन करण्याआधी ओव्हनमध्ये २०० अंशांवर रात्रभर वाळवा, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि थंड झाल्या की लगेच तोला. जुलैत नाशिकच्या हवेत उघड्या ठेवलेल्या पावडरीचं वजन आपलं नसतं, त्यात पाण्याचं वजन मिसळलेलं असतं.

खलात घोटताना पाणी चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अॅसिटोन वापरा, मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. घोटा, भाजा, पुन्हा घोटा, पुन्हा भाजा. शेवटची भट्टी १३०० अंशांच्या आसपास. इथे बरेच जण अडतात, कारण कॉलेजातली साधी मफल भट्टी १००० ते १२०० वर थांबते. सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्यांची भट्टी लागते. गोळी दाबायचा डाय मात्र बाहेरून मागवण्याची गरज नाही. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या टर्नरला नकाशा काढून द्या, पोलाद कडक करून घ्या आणि आतला पृष्ठभाग आरशासारखा घासून घ्या.

भाजून झालं की एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची जाळी ओळखणं. तांब्याच्या किरणांनी सर्वांत उंच शिखर ३१.९ अंशांच्या जवळ दिसलं पाहिजे. शेजारी अनोळखी शिखरं असतील तर आणखी एकदा घोटून भाजा. तयार गोळी घासायची ती कोरड्या पॉलिश पेपरवर, पाण्याखाली मुळीच नाही. मग पिशवी व्हॅक्यूमने बंद करा.

वरच्या थराचं टार्गेट मँगनाइटचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. लँथॅनम ऑक्साइड हवेतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतं. तोलण्याआधी ते ९००-१००० अंशांवर भाजलंच पाहिजे. हे न केल्यामुळे लँथॅनम कमी पडलेली टार्गेट मी पाहिली आहेत. पुढे महिनोन्‌महिने चुंबकीय मापनं का जुळत नाहीत, याचा शोध भलतीकडेच चालू राहतो.

दुसरी पायरी: थर वाढवणं

सबस्ट्रेट बहुधा स्ट्रॉन्शियम टायटनेटचा, ५ बाय ५ मिलिमीटरचा तुकडा. त्याचा लॅटिस पॅरामीटर, म्हणजे युनिट सेलच्या बाजूची लांबी, ३.९०५ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा १५.८४ अँगस्ट्रॉम, म्हणजे चारने भागला की ३.९६. एका बाजूने पाहिलं तर सबस्ट्रेटच्या चार युनिट सेलवर त्याची एक युनिट सेल बसते आणि फरक राहतो दीड टक्क्याच्या आत. तोही कमी करायचा असेल तर तीनपैकी एका स्ट्रॉन्शियमच्या जागी कॅल्शियम घाला, आकडा ३.९१ वर येतो. जाळी जितकी जुळेल तितक्या पापुद्र्याला चिरा कमी. मात्र कॅल्शियमवाला थर पाण्यात सावकाश विरघळतो, हे नियोजनात धरा.

सबस्ट्रेटचा पृष्ठभाग पायऱ्यापायऱ्यांचा आणि एकाच प्रकारच्या अणुथराने संपलेला असावा लागतो. ते करण्याची जुनी रीत हायड्रोफ्लोरिक आम्लाची आहे. नवख्यांनी ती करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे आम्ल त्वचेतून आत शिरतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसलेल्या खोलीत ती बाटली असताच कामा नये. सुरुवातीला तयार केलेले सबस्ट्रेट विकत घ्या, किंवा गरम शुद्ध पाण्यात ठेवून आणि भट्टीत तापवून पृष्ठभाग तयार करण्याची रीत शिका.

चेंबरमध्ये २४८ नॅनोमीटरचा क्रिप्टॉन फ्लोराइड लेसर, ७००-८०० अंशांचा हीटर आणि ऑक्सिजन. दाबाचे, ऊर्जेचे नेमके आकडे त्या चेंबरवर रोज काम करणाऱ्या ताई-दादांकडून घ्या. शोधनिबंधातले आकडे दुसऱ्या चेंबरला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तुम्ही फक्त दोन गोष्टींचा आग्रह धरा. मधला थर झाल्यावर चेंबर न उघडता वरचा थर लगेच घ्यायचा, आणि मधला थर २० नॅनोमीटरच्या आसपास ठेवायचा. पहिला पापुद्रा स्ट्रॉन्शियम टायटनेटचाच, ३० ते ५० नॅनोमीटरचा करा. एका युनिट सेलच्या जाडीपर्यंत लोक पोचले आहेत, पण तिकडे नंतर जा.

बाहेर काढताच डिफ्रॅक्शन घ्या. सबस्ट्रेटचं शिखर ४६.५ अंशांवर, आणि मधल्या थराचं त्याच्या डावीकडे ४५.८ च्या जवळ किंवा थोडं अलीकडे. ते दिसत नसेल तर पाण्यात घालून काहीच सुटणार नाही.

तिसरी पायरी: घरी आणणं

ही पायरी कुठल्याही निबंधात सापडत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितोय.

एका ऑगस्टमध्ये पुण्याहून चार नमुने घेऊन मी निघालो. साधी प्लास्टिकची डबी, आत चिकट जेल, डबी बॅगेत. नारायणगावपासून पाऊस लागला तो सिन्नरपर्यंत थांबला नाही. रात्री डबी तशीच टेबलावर ठेवली. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर चारही नमुन्यांच्या कडा दुधाळ झालेल्या, आणि कडेपासून आत मिलिमीटरभर चिरांचं जाळं, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तसं. वरची फिल्म धड होती, पण कडेच्या फटीतून हवेतली ओल मधल्या थरात शिरली होती. दोन महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर मिळालेले नमुने होते ते.

तेव्हापासूनचा माझा नियम असा. चेंबरमधून निघालेला नमुना अर्ध्या तासाच्या आत व्हॅक्यूम पिशवीत. पिशवीत सिलिका जेलची पुडी, ती आदल्या रात्री ओव्हनमध्ये तापवून घेतलेली. ती पिशवी हवाबंद डब्यात, डब्यातही जेल. वाटेत कुणालाही दाखवायला उघडायची नाही. आणि शक्य असेल तर फिल्म वाढवण्याची तारीख नोव्हेंबर ते मार्चमध्ये मागा. इथली थंडीतली कोरडी हवा ही आपल्याला फुकट मिळालेली सोय आहे. द्राक्षबागायतदार ज्या बारकाईने आर्द्रतेचा आकडा पाहतो, त्याच बारकाईने आपणही पाहायचा. दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक खोलीत टांगा आणि प्रत्येक नोंदीशेजारी आकडा लिहा.

चौथी पायरी: पाणी

इतके दिवस ज्याच्यापासून जपलं, त्याच पाण्यात आता नमुना घालायचा. इथे घाई करू नका. सबंध दुपार मोकळी ठेवा.

आधी कडा उघडा. फिल्म वाढताना ती सबस्ट्रेटच्या बाजूंवरही थोडी उतरते आणि मधल्या थराचं तोंड बंद करते. बारीक पॉलिश पेपरवर चारही कडा कोरड्याच, हलक्या हाताने घासा. एवढं केल्याने दिवसभर न सुटणारे नमुने तासाभरात सुटलेले मी पाहिले आहेत.

मग आधार. पापुद्रा नुसता पाण्यावर सोडला तर तो गुंडाळतो किंवा तुकडे होतात. पापड वाळताना एक बाजू आधी आखडली की कड वळते, तसंच इथे दोन पृष्ठभागांतल्या ताणाच्या फरकाने होतं. नवख्यांसाठी पीडीएमएस म्हणजे सिलिकोन रबराचा मऊ, पारदर्शक तुकडा सर्वांत सोपा. नमुना फिल्मची बाजू खाली करून त्यावर एका कडेकडून हळूहळू टेकवा, टेंपर्ड ग्लास मोबाइलला लावताना टेकवतो तसा. एकही बुडबुडा नको. बुडबुड्याच्या जागी पुढे भोक पडणारच.

पाणी १८ मेगाओहम सेंटिमीटरचं, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेलं अतिशुद्ध, ताजं काढलेलं. शक्य असेल तर उकळून झाकून गार केलेलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, पाणी ९८ अंशांनाच उकळू लागतं, त्याने काही बिघडत नाही. उकळण्याचा हेतू कार्बन डायऑक्साइड घालवणं हा आहे. मधला थर विरघळला की स्ट्रॉन्शियम पाण्यात उतरतं आणि पाणी अल्कधर्मी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळला की स्ट्रॉन्शियम कार्बोनेटचे पांढरे कण तयार होऊन पापुद्र्याच्या पोटाला बसतात. ते नंतर धुऊन जात नाहीत. म्हणून बशी झाका, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला.

वेळ किती लागेल? पाणी फक्त कडेच्या फटीतून आत जातं. फट २० नॅनोमीटर उंच, आणि मध्यापर्यंतचं अंतर अडीच मिलिमीटर. ती फट एक सेंटिमीटर उंच आहे असं समजा, तर पाण्याला सव्वा किलोमीटर आत जायचं आहे आणि विरघळलेला माल त्याच वाटेने बाहेर आणायचा आहे. काही नमुने दहा मिनिटांत सुटतात, काही रात्रभर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश तिरपा धरला तर पुढे सरकणारी सीमा दिसते. ती मध्यात मिळेपर्यंत चिमटा लावायचा नाही. थर पूर्ण गेला की सबस्ट्रेट आपोआप घसरतो, बोट लावायचीही गरज पडत नाही. ज्याने ओढलं, त्याने फाडलं.

सबस्ट्रेट गेल्यावर पापुद्रा पीडीएमएसला चिकटून राहतो. ताज्या पाण्याच्या दोन बशांत धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. पाणी सुकताना पृष्ठताणाने ओढ लागते आणि चिरा पडतात. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतो. नायट्रोजनचा झोत तिरपा आणि मंद.

आता नवं घर. सिलिकॉनचा स्वच्छ तुकडा हॉटप्लेटवर ठेवा, पीडीएमएस वरून एका कडेने टेकवा, ७०-८० अंशांवर दहा मिनिटं राहू द्या. मग पीडीएमएस उचला, इतकं सावकाश की उचलतोय की नाही अशी शंका यावी. रबर वेगाने उचललं की ते पापुद्र्याला घेऊनच वर येतं, सावकाश उचललं की सोडून देतं. पहिल्यांदा तो चौकोन सिलिकॉनवर बसलेला दिसतो, रंग फिकट निळसर, कडेला दोन-तीन सुरकुत्या, तेव्हा खोलीतलं सगळं बोलणं थांबतं.

पाचवी पायरी: पाहणं

सगळ्यात आधी साधा सूक्ष्मदर्शक, कमी पटीने मोठं दाखवणाऱ्या भिंगावर, आणि सबंध पापुद्र्याचा फोटो. चिरा, सुरकुत्या, भोकं कुठे आहेत ते कागदावर काढून ठेवा. पुढची सगळी मापनं याच नकाशावरून होतात. मग अॅटॉमिक फोर्स सूक्ष्मदर्शक, पृष्ठभागावरून अतिबारीक सुई फिरवून उंच-सखलपणा मोजणारा. सबस्ट्रेटच्या अणुपायऱ्या सुटलेल्या पापुद्र्यावरही दिसल्या तर काम उत्तम झालंय.

त्यानंतर पुन्हा डिफ्रॅक्शन, आणि माझ्या मते शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. मँगनाइटचा स्वतःचा लॅटिस पॅरामीटर ३.८८ अँगस्ट्रॉमच्या जवळ. स्ट्रॉन्शियम टायटनेटवर त्याला आडवं ३.९०५ पर्यंत ताणून बसावं लागतं, म्हणून तो उभा आखडतो. सोडवला की आडवा आखडतो आणि उभा वाढतो, आणि शिखर काही दशांश अंशांनी डावीकडे सरकतं. सुटण्याआधीचा आणि नंतरचा आलेख एकावर एक ठेवा. मधल्या थराचं शिखर गेलेलं आणि फिल्मचं सरकलेलं, या दोन गोष्टी दिसल्या तर पापुद्रा खरोखर मोकळा झाला. नुसता फोटो हा पुरावा होत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पापुद्रा भोकांच्या जाळीवर उचला. एरवी नमुना महिनाभर घासून पातळ करावा लागतो, इथे तो जन्मतःच पातळ आहे. ताणाचे प्रयोग करायचे असतील तर पापुद्रा पॉलिमाइडच्या पट्टीवर घ्या आणि पट्टी ताणा. पट्टीचा ताण पापुद्र्यापर्यंत पोचला का, हे पुन्हा डिफ्रॅक्शननेच तपासा, कारण पापुद्रा घट्ट चिकटला नसेल तर पट्टी ताणली जाते आणि पापुद्रा जागच्या जागी राहतो.

उरला रिकामा सबस्ट्रेट. तो टाकू नका. ताज्या पाण्यात धुवा, भट्टीत तापवून पृष्ठभाग पुन्हा तयार करा, पायऱ्या परत दिसतात का ते अॅटॉमिक फोर्स सूक्ष्मदर्शकाने पाहा. मागच्या बाजूला हिऱ्याच्या टोकाने कोपऱ्यात क्रमांक कोरा आणि कोरड्या डब्यात ठेवून द्या. पुढच्या खेपेला पुण्याला जाताना तोच बरोबर न्यायचा.